एमएसच्या निदानात न्यूरॉलॉजिस्टच्या हातातली हातोडी

मेंदू आणि मज्जारज्जूच्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराचा, म्हणजे एमएसचा, संशय असलेला रुग्ण आजकाल न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडे, पोचतो तो बहुधा एमआरआयची फाइल घेऊनच. डॉक्टर मात्र ती लगेच उघडत नाहीत. आधी विचारतात, पूर्वी कधी एका डोळ्याला अंधुक दिसायचं का? किती दिवस? आपोआप बरं झालं का? मग गुडघ्यावर हातोडी, तळपायावर टोकदार काहीतरी, डोळे मिटून उभं राहायला सांगणं. फोटोत सगळं दिसत असताना हा खटाटोप कशाला, असं अनेकांना वाटतं. पण या आजाराच्या निदानाची चौकट एमआरआय येण्याच्या बरीच आधी ठरली होती. यंत्रं तिच्यात नंतर बसवली गेली.

या आजाराचं सगळ्यात जुनं सविस्तर वर्णन डॉक्टरचं नाही, रुग्णाचं आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्ते यानं आपल्या दुखण्याची रोजनिशी ठेवली. डिसेंबर १८२२ मध्ये एका अंत्ययात्रेनंतर त्याची नजर इतकी अंधुक झाली की आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काहीही उपचार न करता नजर परत आली. १८२७ मध्ये फ्लॉरेन्सला असताना एकाच्या जागी दोन वस्तू दिसू लागल्या, पुढे पाय दुबळे झाले, बधिरपणा आला. त्याच्यावर उपाय झाले ते त्या काळाला साजेसे, त्यात दिवसातून दोनदा गोमांस खाण्याचाही सल्ला होता. १८४८ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या आजाराला नावच नव्हतं. आज ही रोजनिशी वाचणारा न्यूरॉलॉजिस्ट दुसऱ्या-तिसऱ्या नोंदीलाच एमएसचा विचार करेल.

त्याच सुमारास कार्सवेल आणि क्रुव्हेलिए या दोन डॉक्टरांनी मृतांच्या मज्जारज्जूवरचे डाग चित्रांतून नोंदवले. पण हे डाग आणि जिवंत माणसाचा त्रास यांची नीट सांगड घातली ती पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या जाँ-मार्तँ शार्को यानं, १८६८ मध्ये. तिथे हजारो स्त्रिया वर्षानुवर्षं राहायच्या. त्यामुळे शार्कोला एकाच रुग्णाची लक्षणं दीर्घकाळ टिपता यायची आणि मृत्यूनंतर मेंदू उघडून पडताळताही यायचं. कंपवातात आणि या आजारात तोवर गल्लत व्हायची, दोन्हींत हात थरथरतो म्हणून. शार्कोनं पाहिलं की कंपवाताचा हात स्वस्थ बसलेला असताना हलतो. या रुग्णांचा हात मात्र मांडीवर असताना शांत असतो, पाण्याचा पेला उचलून ओठाकडे नेताना थरथर वाढत जाते आणि पाणी सांडतं. ‘बोट नाकाला लावा, मग माझ्या बोटाला लावा’ ही आजची तपासणी हेच पाहते.

बाकीची हत्यारं पुढच्या तीसेक वर्षांत आली. गुडघ्याचा झटका तपासण्याची रीत १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मांडली. १८९६ मध्ये शार्कोचाच शिष्य बाबिन्स्की यानं छोटंसं टिपण लिहिलं: मेंदूकडून खाली येणाऱ्या हालचालीच्या मार्गाला इजा असेल तर तळपाय खरवडल्यावर अंगठा खाली न वळता वर उठतो. याचं मोल फार मोठं होतं. हातापायांतली ताकद जाते, पुन्हा येते, बाहेरून काही दिसत नाही, अशा बायकांना सर्रास ‘हिस्टेरिया’ ठरवलं जायचं. अंगठा मात्र सोंग करत नाही. सगळ्या न्यूरॉलॉजीत इतकी स्वस्त आणि इतकी खमकी तपासणी दुसरी नसावी.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या संरक्षक आवरणावर हल्ला करते, तोही वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी. निदानाची अटही म्हणून तीच ठरली. १९६५ च्या शूमाकर निकषांनी ती कागदावर आणली: चोवीस तासांहून जास्त टिकलेले किमान दोन अटॅक, त्यांत महिन्याचं अंतर, आणि तपासणीत एकाहून जास्त जागी बिघाड. शिवाय हे निदान न्यूरॉलॉजीचं ज्ञान असलेल्या डॉक्टरनंच करावं, ही अट त्यातच होती. डोळ्यांच्या डॉक्टरला डोळा दिसतो, हाडांच्या डॉक्टरला पाय. चार वर्षांपूर्वीचा डोळा आणि आजचा पाय एका धाग्यात ओवायचं काम तिसऱ्याचंच.

पुरावा तुटपुंजा असला की डॉक्टर काहीही करून पाहत. उष्णतेनं ही लक्षणं बळावतात, म्हणून रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवून दडलेली खूण वर येते का ते पाहायचे! पाठीतलं, म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं, पाणी काढण्याची पद्धत १८९१ पासूनची. खरी उलथापालथ १९८१ मध्ये झाली. लंडनमध्ये एमएसच्या १० रुग्णांत सीटी स्कॅनवर १९ डाग दिसले होते, नव्या चुंबकीय तंत्रानं, म्हणजे आजच्या एमआरआयनं, आणखी ११२ दाखवले. २००१ च्या मॅक्डोनल्ड निकषांनी एमआरआयला चौकटीत मानाचं स्थान दिलं. दुसऱ्या अटॅकची वाट पाहत वर्षं घालवणं त्यामुळे बरंचसं थांबलं. २०१७ पासून पाठीतल्या पाण्यातले विशिष्ट प्रथिनांचे पट्टेही त्या ‘वेगळ्या वेळे’च्या पुराव्याच्या जागी धरता येऊ लागले.

ही घाई उगाच नव्हती. १९९३ पर्यंत न्यूरॉलॉजिस्टकडे एमएसचं नाव सांगण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. अटॅकमध्ये स्टिरॉइड, बाकी धीर. त्या वर्षी अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या औषधाला मान्यता मिळाली, २०१० मध्ये फिंगोलिमॉड ही गोळी आली, २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅब. आता लवकर निदान म्हणजे पुढचं नुकसान कमी, असा सरळ हिशोब झाला.

पण औषधं आली तशी चुकीच्या निदानाची किंमतही वाढली. मेंदूत पांढरे डाग मायग्रेनमध्ये दिसतात, वाढत्या वयात आणि रक्तदाबातही दिसतात. नुसत्या फोटोवरून ‘एमएस’चा शिक्का बसलेले लोक म्हणूनच सापडत राहतात. त्याहून अवघड प्रकार न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचा. डोळा आणि मज्जारज्जू यांवर घाला घालणारा हा आजार एमएसचाच भाऊबंद मानला जायचा. २००४ मध्ये रक्तात त्याची वेगळी खूण, अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी, सापडली आणि तो स्वतंत्र ठरला. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉडसारखी एमएसची औषधं त्यात उलट अपाय करू शकतात. दोन्ही डोळे एकदम गेले असतील किंवा मज्जारज्जूवरचा डाग लांबलचक असेल, तर न्यूरॉलॉजिस्ट एमएसचं औषध लिहिण्याआधी ही रक्ततपासणी मागतो.