तलावपाळीच्या फेऱ्या आणि गळकी झडप

ठाण्याला नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीचा टूडी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट आला, त्यात सगळ्यांचं लक्ष दोनच गोष्टींकडे गेलं. ‘मॉडरेट एमआर’ आणि ‘ईएफ 62 टक्के’. पहिलीने घर हादरलं, दुसरीने शांत झालं. काका म्हणाले, “पंपिंग चांगलं आहे ना, मग झालं तर!” हादरण्यासारखं पहिलीत फारसं नव्हतं. आणि निर्धास्त व्हावं असं दुसरीतही नव्हतं.

एमआर म्हणजे मायट्रल झडपेतून होणारी गळती. हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा कप्पा फुप्फुसांकडून आलेलं रक्त घेतो आणि खालचा ते शरीरभर ढकलतो. दोघांच्या मध्ये दोन पाकळ्यांची ही झडप असते, बारीक दोऱ्यांनी खालच्या भिंतीला बांधलेली. खालचा कप्पा आवळला की पाकळ्या मिटायला हव्यात. दिवसाला साधारण एक लाख वेळा. पाकळी लोंबकळली, दोरी तुटली, कप्पा फुगून पाकळ्या एकमेकींपासून लांब गेल्या किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने त्या आखडल्या, की फट राहते. मावशीला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तोही याच तापाबद्दल होता: लहानपणी घसा धरून मग सांधे सुजले होते का?

आता त्या 62 चं. ईएफ म्हणजे खालचा कप्पा एकदा आवळला की त्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं, तो आकडा. आवळण्याआधी कप्प्यात 160 मिलिलिटर रक्त आहे असं धरा. त्यातलं 100 बाहेर पडलं, म्हणजे ईएफ साधारण 62. पण बाहेर म्हणजे कुठे, हे ईएफ विचारतच नाही. त्या 100 पैकी 40 फटीतून वर परतलं, तर शरीराला मिळालं 60. सोसायटीच्या पंपाचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गेला की मोटर मस्त घरघरते आणि गच्चीवरची टाकी भरत नाही, तसंच. शिवाय मागची वाट सोपी असते. पुढे महाधमनीत 120 चा दाब, मागे वरच्या कप्प्यात जेमतेम 10 च्या आसपास. सोप्या वाटेने रक्त सोडणारा स्नायू आहे त्यापेक्षा दणकट दिसतो. म्हणूनच गळती तीव्र असेल, तर ईएफ 60 किंवा त्याहून कमी झाला अथवा आवळलेला कप्पा 40 मिलिमीटर वा जास्त रुंद राहू लागला, की त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार होतो. इतरांना समाधान देणारा आकडा इथे उंबरठा ठरतो.

(एकोच्या पडद्यावरचा निळा रंग म्हणजे अशुद्ध रक्त नव्हे. तपासणीच्या दांड्यापासून लांब जाणारं रक्त निळं दाखवतात, जवळ येणारं लाल. एवढंच.)

मावशीची गळती मध्यम, म्हणून दर एक-दोन वर्षांनी एको. सौम्य असती तर तीन ते पाच वर्षांनी, तीव्र असती तर सहा ते बारा महिन्यांनी. दात काढायचा झाला तर निव्वळ गळक्या झडपेसाठी आधी अँटिबायोटिक बहुतेकदा लागत नाही. कृत्रिम झडपवाल्यांना लागतं. पुढे कधी वेळ आलीच, तर जमेल तिथे स्वतःची झडप दुरुस्त करण्याकडे सर्जनचा कल असतो, कारण धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते.

माझ्या मते खरी अडचण एकोच्या मशीनबाहेर आहे. “मला काही त्रास नाही,” मावशी डॉक्टरांना ठामपणे म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण पूर्वी ती तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाच्या काठाने, संध्याकाळी तीन फेऱ्या मारायची. मग दोन झाल्या, मग एक फेरी आणि बाकावर गप्पा. स्टेशनला सरकता जिना सापडेपर्यंत थांबायची. दम लागत नव्हता, कारण दम लागेल असं काही तिने ठेवलंच नव्हतं. हळूहळू वाढणाऱ्या गळतीत माणूस असाच आपलं आयुष्य आटवत जातो आणि दोष वयाला देतो. डॉक्टरांनी उत्तर ऐकून घेतलं आणि विचारलं, “गेल्या वर्षी काय करत होता, जे आता करत नाही?”

तेव्हापासून कालनिर्णयच्या चौकटीत ती रोजच्या फेऱ्यांचा आकडा लिहिते. काका तपासतात. परवा तिने फोन करून विचारलं, पावसात पाळीवर निसरडं असतं म्हणून घरीच बसले, तर त्या दिवशी शून्य लिहायचं की चौकट कोरी ठेवायची?