पायथ्यावर कोरलेली साल : मुंबईतल्या वाटेवरच्या क्रुसांची पार्श्वभूमी

मुंबईच्या जुन्या गावठाणांतल्या दगडी क्रुसांचे फोटो पाहताना एक उणीव सतत खटकते. वरचा क्रूस, त्यावरची झेंडूची माळ, मागचे आकाश, सगळे सुरेख टिपलेले असते. पायथा मात्र चौकटीबाहेर गेलेला असतो. क्रूस कोणी उभारला, कधी आणि कशासाठी, हे मात्र त्या पायथ्यावरच कोरलेले असते. वांद्र्याची रानवर, माझगावची माथारपाखाडी, गिरगावची खोताची वाडी अशा वस्त्यांत वाटेच्या वळणावर उभे असलेले हे क्रूस (घरगुती बोलीत 'खुरीस') वाचायचे, तर त्यांच्यामागचा साडेचारशेहून अधिक वर्षांचा काळ थोडा उलगडून घ्यावा लागतो.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले, गावोगावी देवळे उभी राहिली, आणि चव्हाट्यावर, बंदरावर, वेशीवर क्रूस रोवले गेले. बाप्तिस्मा घेतलेले लोक इथलेच होते: कोळी, आगरी, भंडारी, कुणबी आणि इतरही. बोली मराठी राहिली, शेती आणि मासेमारी चालू राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर वसई-साष्टीतली पोर्तुगीज सत्ता गेली, पण हा समाज तिथेच राहिला. पुढे गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्याने १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले.

पोर्तुगीज काळातल्या कोरीवकामाचा एक मोठा नमुना वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात आहे. सुमारे १७ फूट उंचीचा हा एकसंध दगडाचा क्रूस पूर्वी जेझुइटांच्या सेंट अ‍ॅन सेमिनरीत (धर्मगुरूंच्या विद्यालयात) होता. १७३९ च्या धामधुमीत सेमिनरी उद्ध्वस्त झाली, क्रूस वाचला आणि चर्चमध्ये आणला गेला. त्याच्या अंगभर येशूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरलेली आहेत. वाटेवरच्या छोट्या क्रुसांवर यांतली चार-पाचच चिन्हे दिसतात, पण एकदा मोठ्या क्रुसावर ओळख पटली की ती कुठेही वाचता येतात. शिडी आणि पकड म्हणजे देह खाली उतरवण्याची साधने. हातोडा आणि तीन खिळे. भाला, आणि काठीच्या टोकाला आंब भरलेला स्पंज. कोंबडा येशूचा शिष्य पेत्र याच्या तीन वेळच्या नकाराची आठवण देतो. फासे आहेत, कारण सैनिकांनी शिवण नसलेल्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. तळाशी कवटी आणि दोन हाडे दिसली की नवखा माणूस त्यांना थडग्याची खूण समजतो. ती गुलगुथाची, म्हणजे 'कवटीच्या जागेची' खूण आहे, आणि आदामाला तिथेच पुरले होते या जुन्या समजुतीचीही. माथ्यावरच्या पाटीवर 'आय एन आर आय' ही चार लॅटिन आद्याक्षरे असतात: नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा. 'आय एच एस' मात्र ग्रीकमधल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे. त्यांच्याखाली तीन खिळे असतील तर ती जेझुइटांची मुद्रा.

वाड्यांमधले बरेच क्रूस मात्र इतके जुने नाहीत. पायथ्यांवरच्या साली वाचत गेले की एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्याची सुरुवात पुन्हा पुन्हा समोर येते, आणि त्याचे कारण प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर. मेट्रो चौकाजवळ त्यांचा पुतळा आहे. शहर रिकामे होऊ लागले. पथके घरात शिरून रुग्ण शोधत, घरांवर 'यू एच एच' म्हणजे 'राहण्यास अयोग्य' अशी अक्षरे रंगवत. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. प्लेगची लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःवर लस टोचून घेतली होती, पण लस घरोघरी पोचायला वेळ लागला. अशा दिवसांत वाडीने मिळून केलेला नवस आणि साथ ओसरल्यावर तो फेडण्यासाठी उभारलेला क्रूस, असे या दगडांचे मूळ आहे. कोनाड्यात संतांची मूर्ती असेल तर ती नीट पाहावी. मांडीवरची जखम दाखवणारा यात्रेकरू आणि पायाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा, हा संत रोक. बाणांनी विंधलेला तरुण, हा संत सेबास्टियन. दोघेही प्लेगमध्ये धावा करायचे संत. पायथ्यावर साल नसली तरी अशी मूर्ती साथीकडे बोट दाखवते. अर्थात तेवढ्यावरून साल ठरवता येत नाही, कारण मूर्ती बदलता येते.

साल वाचण्यात सर्वांत मोठी अडचण म्हणजे रंग. दरवर्षी सणाआधी क्रूस रंगवतात. पूर्वी चुना लावत. तो दगडाला श्वास घेऊ देतो आणि पावसात बराचसा उतरतो. ऑइलपेंट उतरत नाही. त्याचे थर साचून अक्षरांची खोली भरत जाते, कडा गोल होतात. काळा पाषाण हे कसेबसे सोसतो. मालाडच्या पिवळसर दगडात किंवा जांभ्यात मात्र रंगाच्या आत ओल अडकते आणि कोरलेला पापुद्राच सुटून येतो. त्याहून वाईट म्हणजे भरलेली अक्षरे रंगारी अंदाजाने पुन्हा काळ्या रंगाने काढतो. १ चा ७ होतो, ३ चा ८, ६ चा ०. फोटोत मग छिन्नीचे नव्हे, ब्रशचे अक्षर येते. म्हणून रंगवलेल्या आकड्यावर विसंबू नये. सावली जे दाखवते ते खरे.

सावली मिळवण्यासाठी उजेड दगडाला चाटून जायला हवा. समोरून मारलेला फ्लॅश उठाव पुसून टाकतो. संध्याकाळी अंधारल्यावर कॅमेरा स्टँडवर ठेवून, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, भिंगाचे छिद्र एफ ८ आणि शटरची उघडझाप काही सेकंद ठेवावी, आणि साधी बॅटरी दगडाशी १० ते २० अंशांच्या कोनात धरावी. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, एक वरून, एक खालून. आडव्या रेघा वरच्या-खालच्या उजेडात उमटतात, उभ्या रेघा बाजूच्या. एकाच दिशेने काढलेल्या फोटोत ई चा एफ वाचला जातो तो यामुळेच. खडू, पीठ किंवा तेल अक्षरांत भरू नये. ते सूक्ष्म छिद्रांत बसते आणि पुढच्या रंगाखाली कायमचे राहते.

दिवसाउजेडी काम करायचे तर मुंबईच्या अक्षांशाचा फायदा घेता येतो. सूर्य इथे १५ मेच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या पुढेमागे ऊन उभ्या दगडावरून सरळ खाली घसरते. ३ मेला, म्हणजे क्रुसाच्या जुन्या सणाच्या दिवशी, मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे तीन-चार अंशच कललेला असतो. दक्षिणाभिमुख क्रुसाला याहून चांगला उजेड वर्षभरात क्वचितच मिळतो. उत्तराभिमुख क्रुसावर मध्यान्हीचे ऊन मात्र मेच्या उत्तरार्धापासून मृगाचा पाऊस येईपर्यंतच पडते. तेवढे तीन आठवडे हुकले तर बॅटरीला पर्याय नाही, कारण जुलैत सूर्य पुन्हा डोक्यावर येतो तेव्हा ढग असतात.

पांढऱ्या क्रुसाचा फोटो राखाडी येतो, कारण कॅमेरा पांढऱ्याला मध्यम करड्याकडे ओढतो; कॅमेऱ्यातली उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) अधिक १ ते दीडवर न्यावी. उघड्या काळ्या पाषाणाला उलट, उणे पाऊण ते १. मोबाइल वर तिरका धरला की क्रूस मागे झुकलेला आणि निमुळता दिसतो. मागे सरकून, भिंग सरळ ठेवून, दुपटीच्या झूमवर काढावा. कोनाड्याच्या काचेतले प्रतिबिंब ध्रुवीकरण फिल्टरने जाते, पण काचेशी साधारण ३५ अंशांच्या कोनातून पाहिले तरच. अगदी समोरून त्याचा उपयोग होत नाही. तिथे कॅमेऱ्यामागे काळे कापड धरलेले बरे.

मोजमापासाठी दहा सेंटिमीटरची पट्टी अक्षरांच्या पातळीतच, शेजारी टेकवावी. चारही बाजू घ्याव्यात, मागचीसुद्धा, कारण जीर्णोद्धाराची साल बऱ्याचदा मागे असते. क्रूस आणि चौथरा एकाच काळातले असतील असे धरून चालू नये. दगडाचा रंग, छिन्नीचे घाव आणि सांध्यातला चुना की सिमेंट, यांचे वेगळे फोटो हवेत. चौथऱ्याच्या पायऱ्या मोजताना रस्ता किती चढला आहे तेही पाहावे. डांबराचे थर चढून खालची पायरी गडप झालेली असते आणि तीन पायऱ्यांचा चौथरा दोनाचा दिसतो.

माळा हलवणे हे आपले काम नव्हे. क्रुसाची देखभाल करणारे घर जवळच असते. तिथे विचारले की माळ उतरवून देतात, कधी कोरलेल्या नावांची नातीही सांगतात. लितानी (क्रुसापुढची सामूहिक प्रार्थना) चालू असताना कॅमेरा बाजूला ठेवावा. प्रार्थना संपून उकडलेले चणे वाटले जातात तेव्हा विचारायला हरकत नसते.

या फोटोंना आता कागदपत्राचे मोल आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक जागेवर नवी धार्मिक बांधकामे होऊ नयेत आणि जुन्यांचा एकेक करून निर्णय घ्यावा असा आदेश दिला, तेव्हापासून वाटेवरच्या प्रत्येक क्रुसाला आपले वय सिद्ध करावे लागते. मुंबईत १९६४ पूर्वीचे असणे महत्त्वाचे ठरते. २०१७ साली वांद्र्यात महापालिकेने पाडलेला क्रूस शंभराहून अधिक वर्षांचा आणि खासगी जागेतला होता, असे रहिवाशांचे म्हणणे होते. अशा वेळी नुसता क्रुसाचा फोटो फारसा उपयोगी पडत नाही. कोरलेल्या लेखाचा जवळून काढलेला फोटो, त्यात मोजपट्टी, आणि त्याच दिवशी दुरून काढलेला दुसरा, ज्यात शेजारची दारे, विजेचा खांब आणि वळण दिसते, असे दोन्ही लागतात. सोबत नगर भूमापन क्रमांक, क्रुसाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते, आणि लेख जसाच्या तसा, ओळीगणिक तोडून, अस्पष्ट अक्षराच्या जागी टिंब देऊन उतरवलेला. अंदाजाने भरलेले अक्षर टिंबापेक्षा जास्त नुकसान करते, कारण एक आकडा चुकीचा सिद्ध झाला की उरलेल्या नोंदीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.