विसरलेला मार आणि रक्ताची गाठ

निपाणीजवळच्या आमच्या एका चुलतमामांचं उजवं पाऊल चालताना घासायला लागलं. चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. हात धड, बोलणं धड, म्हणून घरच्यांनी मणक्याचं दुखणं ठरवून टाकलं. कमरेचा फोटो झाला, पट्टा झाला, तेल चोळून झालं. शेवटी मिरजेत डोक्याचा स्कॅन काढला, तर मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या फटीत रक्त साचलेलं. डॉक्टर म्हणाले, ‘रक्ताची गाठ आहे.’ मामींना त्यातलं ‘गाठ’ एवढंच ऐकू आलं आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

या गाठीला सबड्यूरल हिमॅटोमा म्हणतात. मेंदूवरचं सगळ्यात बाहेरचं, जाड आवरण म्हणजे ड्यूरा. मेंदूकडून ड्यूराकडे जाणाऱ्या बारीक शिरा धक्क्यानं तुटतात आणि रक्त आवरणाखाली पसरतं. वय झालं की मेंदू आक्रसतो, शिरा ताणल्या जातात. मग न्हाणीघराच्या चौकटीला डोकं लागलं तरी पुरतं. जुनं झालं की हे रक्त पातळ, काळपट होतं, तळाच्या काकवीसारखं. कवटीला भोक पाडून ते धुऊन काढतात आणि नळी ठेवतात. ही नळी किती कामाची, ते 2009 साली ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं: नळी न ठेवलेल्यांपैकी 24 टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, ठेवलेल्यांपैकी 9.3 टक्क्यांना.

अशा रक्ताच्या पिशवीचं वर्णन स्विस वैद्य वेप्फर यांनी 1657 मध्येच केलं होतं. घोळ झाला तो पुढं दोनशे वर्षांनी. 1857 मध्ये जर्मनीचे नामांकित रोगशास्त्रज्ञ फिर्खो यांना गाठीभोवती नव्या पापुद्र्यांचं जाळं दिसलं आणि त्यांनी निष्कर्ष काढला की आधी आवरणाला सूज येते, रक्त त्यानंतर. नाव दिलं ‘पॅकिमेनिन्जायटिस हेमोरेजिका इंटर्ना’, म्हणजे ड्यूराच्या आतल्या बाजूची रक्तस्रावी सूज. एवढ्या मोठ्या माणसानं दिलेलं एवढं मोठं नाव, त्यामुळे ते टिकलं. 1914 मध्ये लंडनचे सर्जन विल्फ्रेड ट्रॉटर यांनी उलट सांगितलं: आधी मार, त्यानं तुटलेली शीर, मग रक्त, आणि तो मार इतका किरकोळ की रोगी विसरून गेलेला असतो. 1925 मध्ये पटनम आणि कुशिंग या अमेरिकी डॉक्टरांच्या लेखानंतर हे मत पक्कं झालं. फिर्खो पूर्ण चुकले असं मात्र मला म्हणवत नाही. पापुद्र्यातल्या नाजूक नव्या रक्तवाहिन्या झिरपत राहतात, म्हणून तर गाठ वाढते. आवरणाला रक्त पुरवणारी धमनी आतूनच बंद करण्याचा जो उपाय आला आहे, त्याच्या मोठ्या चाचण्या 2024 मध्ये छापून आल्या. तो याच झिरपण्यावर आहे.

मामांसारखी, दोन अर्ध्यांमधल्या फटीतली गाठ अशा भलत्याच जागी सापडल्याची नोंद एरिंग आणि इव्हान्स या डॉक्टरांनी 1940 मध्ये केली. पायाची हालचाल सांभाळणारा मेंदूचा भाग नेमका त्या फटीला लागून असतो, म्हणून हात वाचतो, पाय लुळा पडतो आणि लोक कंबर तपासत बसतात. कवटीच्या आतलं मऊ दाखवणारं सीटी स्कॅन 1971 पर्यंत नव्हतंच.

पाठीच्या कण्यात याच्या उलट होतं. तिथं मेंदूसारख्या त्या शिरा नाहीत, म्हणून ड्यूराखाली रक्त साचणं फारच विरळ. साचलंच तर रक्त पातळ करायच्या गोळ्या, रक्त न गोठण्याचा आजार, पाठीत घातलेली सुई, नाहीतर डोक्यातलंच रक्त खाली उतरलेलं. एकाएकी पाठीत कळ, मग दोन्ही पाय लुळे, लघवी अडलेली. आपल्याकडं ‘वारं गेलं’ म्हणून अंगारा लावण्यात वेळ जातो. इथं तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. काही लहान गाठी आपोआप विरतात हेही खरं, पण ते एमआरआय बघून ठरवायचं.

पाठीतली सुई डोक्यातही रक्त आणू शकते. पाठीत इंजेक्शन देऊन भूल देण्याची रीत जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर यांनी 1898 मध्ये सुरू केली, स्वतःवरही करून पाहिली आणि डोकेदुखीनं अंथरूण धरलं. सुईच्या भोकातून मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी गळतं, मेंदू खाली ओढला जातो. क्वचित शिरा तुटतात आणि सिझर झालेल्या तरण्या बाईच्या डोक्यात रक्त साचतं. खानापूरकडच्या भातशेतीत घोणस चावली तर विषानं रक्त गोठायचंच थांबतं. तिथंही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तरी दुखण्याची वाट काही बदलली नाही. बेळगावात 1963 पासून मेडिकल कॉलेज आहे, चंदगडचे लोक इकडं येतात. निपाणी-अथणीचे कोल्हापूर-मिरज गाठतात. 2023 मध्ये महाराष्ट्रानं आपली फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली. राज्यांचं ते चालूच राहील. केस पेपरवर मात्र एक ओळ नेहमी चुकते. मामांना आधी एका ठिकाणी कानडीत विचारलं होतं, ‘तलेगे पेट्टु बिद्दित्ता?’ म्हणजे डोक्याला मार लागला होता का? मामा म्हणाले, ‘इल्ला.’ मिरजेत मराठीत विचारलं, तरी ‘न्हाई’च. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांना उसाची ट्रॉली आठवली. ‘फाळक्याला डोस्कं टेकलं हुतं की. पर मार न्हवं त्यो.’