कॉपियरची निवड आणि स्थिर विद्युत

इंदूरमध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आसपास असलेल्या एखाद्या वकिलाच्या किंवा करसल्लागाराच्या कार्यालयाने नवा कॉपियर घ्यायचे ठरवले, की जेल रोडवरच्या दुकानांतून येणाऱ्या कोटेशनमध्ये एकच आकडा ठळक अक्षरांत सर्वांत वर असतो : मिनिटाला किती प्रती. त्याखाली डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, त्याखाली स्क्रीनचा आकार, आणि अगदी तळाशी, बारीक टाइपात, ड्रमचे आयुष्य आणि एका टोनरमध्ये निघणाऱ्या पृष्ठांची संख्या. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. यंत्राच्या आत काय घडते हे समजून घेतले, तर तळाच्या ओळी आधी का वाचायच्या आणि कोटेशनमध्ये मुळीच नसलेले दोनतीन प्रश्न का विचारायचे, हे आपोआप लक्षात येते.

कॉपियर म्हणजे शाईने छापणारा मोठा कॅमेरा, अशी पुष्कळांची समजूत असते. शाई वापरणारी इंकजेट यंत्रेही असतात आणि लहान कार्यालयांना ती पुरतात. पण ज्याला आपण रोजच्या बोलण्यात झेरॉक्स मशीन म्हणतो, त्यात द्रवाचा थेंबही नसतो. टोनर हे प्लास्टिकचे पीठ असते : पॉलिएस्टर किंवा स्टायरीन-ॲक्रिलेट जातीचे रेझिन, त्यात काजळी, थोडे मेण आणि कणांचा विद्युतभार आटोक्यात ठेवणारी काही द्रव्ये. एका कणाचा व्यास साधारण ६ ते ८ मायक्रोमीटर असतो. हे पीठ कागदावर योग्य जागी नेऊन ठेवण्याचे काम स्थिर विद्युत करते. कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो तीच.

ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली ती २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात. चेस्टर कार्लसन हे एका विद्युत कंपनीच्या पेटंट विभागात काम करत आणि आराखड्यांच्या प्रती पुरेशा कधीच मिळत नसल्याने त्रासलेले होते. त्यांनी आणि त्यांचे सहायक ओटो कोर्नाई यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारित केला, काचेच्या पट्टीवर त्या दिवसाची तारीख आणि जागेचे नाव लिहून ती पत्र्यावर ठेवली, वरून तीव्र प्रकाश टाकला आणि मग लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी भुरभुरवली. पट्टी काढून भुकटी फुंकरल्यावर अक्षरे पत्र्यावर उरली आणि मेणकागद दाबल्यावर ती कागदावर उतरली. यानंतर कार्यालयात ठेवता येईल असे यंत्र, म्हणजे झेरॉक्स ९१४, बाजारात यायला १९५९ साल उजाडले. परंतु भारित करणे, प्रकाश टाकणे, भुकटी चिकटवणे, ती कागदावर घेणे, पक्की करणे आणि पृष्ठभाग साफ करणे या सहा पायऱ्या आजच्या यंत्रातही त्याच क्रमाने घडतात.

यंत्राचा खरा जीव ड्रममध्ये असतो. तो ॲल्युमिनियमचा पोकळ दंडगोल असून त्यावर अंधारात विद्युतरोधक आणि प्रकाशात वाहक होणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे थर असतात. पहिला थर एका मायक्रोमीटरहूनही पातळ; प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन सुटतात आणि इलेक्ट्रॉनने सोडलेल्या रिकाम्या, म्हणजे धन जागा मागे उरतात. त्यावरचा दुसरा थर सुमारे २५ मायक्रोमीटर जाडीचा. त्याचे काम या धन जागा पृष्ठभागापर्यंत पोचवण्याचे. सुरुवातीला भारक रोलर अंधारात ड्रमच्या पृष्ठभागाला सुमारे उणे ६०० व्होल्टपर्यंत भारित करतो. ६०० व्होल्ट ऐकायला फारसे वाटत नाहीत. पण ते २५ मायक्रोमीटर एवढ्याशा जाडीवर असल्याने थरातील विद्युतक्षेत्राची तीव्रता दर मीटरला २.४ कोटी व्होल्ट होते, आणि हवेत ठिणगी पडायला साधारणपणे दर मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे ज्या क्षेत्रात हवेने केव्हाच हार मानली असती, त्याच्या आठपट क्षेत्र हा पातळ पापुद्रा दिवसभर, हजारो वेळा, विनातक्रार सोसतो. मला या सबंध यंत्रात याहून थक्क करणारी गोष्ट दिसत नाही.

आता लेसरचा किरण ड्रमवरून फिरतो. आजची यंत्रे मूळ कागद आधी स्कॅन करतात आणि लेसर जिथे अक्षर हवे तिथेच प्रकाश टाकतो. त्या बिंदूवर धन जागा पृष्ठभागाकडे धावतात, तिथला ऋण भार नाहीसा करतात आणि विद्युतदाब उणे ६०० वरून उणे १०० च्या आसपास येतो. आता ड्रमवर अक्षर आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही. ते केवळ व्होल्टच्या फरकाने लिहिलेले आहे. त्याच्या शेजारून फिरणाऱ्या डेव्हलपर रोलरवर ऋण भार असलेले टोनरचे कण असतात आणि रोलरचा स्वतःचा दाब मुद्दाम मधला, समजा उणे ४०० व्होल्ट, राखलेला असतो. अक्षराच्या जागी ड्रम उणे १०० आहे, म्हणजे रोलरच्या मानाने तो ३०० व्होल्टने धन आहे. ऋण कण तिकडे उडी घेतात. कोऱ्या जागी ड्रम उणे ६०० आहे, म्हणजे रोलरच्या मानाने २०० व्होल्टने ऋण. कण तिथून मागे लोटले जातात. कार्लसन यांच्या पत्र्यावर आणि जुन्या ॲनालॉग यंत्रांत याच्या उलट, जिथे भार शिल्लक असे तिथे भुकटी बसत असे. प्रत काळीभोर की फिकी आणि कोरी जागा स्वच्छ की करडी, हे सारे या दोनतीनशे व्होल्टच्या अंतरावर आणि प्रत्येक कणाने किती भार धरला आहे यावर ठरते. म्हणूनच स्वस्तातली रिफिल भुकटी भरून घेतल्यावर सबंध पानावर करडी छटा का येते याचे उत्तर अवघड नाही : त्यातल्या काही कणांवर भार अपुरा किंवा उलट्या चिन्हाचा असतो. टोनर त्याच मॉडेलसाठी बनवलेला असावा, ही अट केवळ विक्रेत्याची हाव नव्हे.

पुढची पायरी कागदाची, आणि इथे इंदूरची हवा मध्ये येते. कागदाच्या मागे असलेला रोलर धन दाब देऊन टोनर ड्रमवरून कागदावर ओढून घेतो. त्यासाठी कागदाने भार काही क्षण धरून ठेवायला हवा. कागद हवेतले बाष्प शोषतो. सुस्थितीतल्या कागदात वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के पाणी असते आणि ते वाढले की कागदाचा विद्युतरोध काही टक्क्यांनी नव्हे, तर कित्येक पटींनी घसरतो. जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर उघड्या पडलेल्या रीमवर भार टिकत नाही, टोनर अर्धाच उतरतो, अक्षरे ठिपक्याठिपक्यांची दिसतात, आणि पुढे तापलेल्या रोलरमध्ये कागदातल्या पाण्याची वाफ होऊन तो वळतो व अडकतो. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत उलटा प्रकार : भार निसटतच नाही, पाने एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन पाने एकदम आत जातात. ग्राहक दोन्ही वेळा यंत्राला दोष देतो. रीमचे वेष्टन बाष्परोधक असते ते याचसाठी. दिवसाला लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये ठेवून उरलेला वेष्टनात गुंडाळून ठेवला, तरी निम्म्या तक्रारी कमी व्हाव्यात. खरेदी करताना विचारण्याजोगा प्रश्न असा, की ट्रेमध्ये बाष्प घालवणारा लहान हीटर आहे किंवा बसवता येतो का. पुष्कळ मोठ्या यंत्रांना तो बसवता येतो, पण कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

या ओघात एक सांगायला हवे. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला यंत्राची पूजा करण्याला माझी हरकत नाही; पण पंखे आणि ट्रे असलेल्या यंत्रावर हळदकुंकू उधळणे आणि अक्षता टाकणे म्हणजे ज्या पृष्ठभागावर काही मायक्रोमीटरचे कण मोजूनमापून बसवले जातात, त्याच्या शेजारी दुसरी भुकटी आणि तांदूळ पेरणे होय. फूल झाकणावर ठेवावे, एवढे पुरे. तशीच दुसरी समजूत म्हणजे झाकण उघडे ठेवले तर त्या प्रकाशाने शरीरात ‘किरण’ जातात. तो साधा दिव्याचा प्रकाश असतो. डोळे दिपतात, याहून अधिक काही होत नाही. चिंता करायचीच असेल तर भारक तारेच्या जुन्या यंत्रांत तयार होणाऱ्या ओझोनची करावी आणि असे यंत्र बंद कोठडीत ठेवू नये. भारक रोलर असलेल्या यंत्रांत तो फार कमी तयार होतो.

कागदावर नुसते बसलेले पीठ फ्यूजरमध्ये, म्हणजे यंत्राच्या तापवणाऱ्या भागात, साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळून तंतूंत घट्ट बसते. झेरॉक्स ९१४ मध्ये ही पायरी इतकी बेभरवशाची होती की कागद पेट घेई आणि कंपनी यंत्रासोबत लहानसे अग्निशामक देत असे. आजचा प्रश्न वेगळा आहे. जाड रोलरचा फ्यूजर तापायला वेळ घेतो, पातळ फिल्मचा लवकर तापतो. कार्यालयात एका वेळी तीनचार पाने काढायची असतात. मिनिटाला ४५ प्रतींचे यंत्र तीन पानांना ४ सेकंद घेते आणि २५ प्रतींचे सुमारे ७. या तीन सेकंदांसाठी मोजलेले पैसे, यंत्र झोपेतून जागे व्हायला अर्धा मिनिट घेत असेल तर वायाच गेले. म्हणून वेगापेक्षा पहिली प्रत किती सेकंदांत निघते हे विचारावे. फ्यूजर तापताना एक किलोवॉट किंवा त्याहून अधिक वीज खेचतो. त्याला लहान यूपीएसवर न टाकता स्वतंत्र सॉकेट आणि पक्के अर्थिंग द्यावे. टोनर प्लास्टिकचा असल्याने पाण्याने पसरत नाही, ही न्यायालयीन कागदांसाठी चांगली गोष्ट. मात्र पीव्हीसीच्या फोल्डरमधले मऊपणा आणणारे रसायन कालांतराने टोनरला मऊ करते आणि अक्षरे फोल्डरला चिकटून येतात.

उरलेला टोनर रबरी ब्लेड दर फेरीला खरवडतो आणि त्यासोबत ड्रमही कणाकणाने झिजतो. म्हणून रोजची पाने मोजून महिन्याचा हिशेब आधी करावा : दिवसाला ४०० पाने आणि २५ दिवस, म्हणजे महिन्याला १०,०००. हा आकडा यंत्राच्या शिफारस केलेल्या मासिक मर्यादेशी ताडून पाहावा. विक्रेता सांगतो ती कमाल मर्यादा त्याहून पुष्कळ मोठी असते आणि तिचा रोजच्या वापराशी संबंध नसतो. टोनरची पृष्ठसंख्याही अशीच जपून वाचावी, कारण ती बहुधा ५ टक्के काळ्या जागेसाठी असते. ए४ पानाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटीमीटर, त्याचे ५ टक्के म्हणजे ३१. हे जेमतेम एक छोटे पत्र झाले. दाट देवनागरी टंकलेखन, रकान्यांचे तक्ते आणि करड्या पार्श्वभूमीच्या जुन्या दस्तांच्या प्रती यांत काळी जागा सहज दुप्पट होते आणि टोनर निम्म्या पानांत संपतो. समजा, ३,००० रुपयांचा टोनर १०,००० पानांचा आणि ६,००० रुपयांचा ड्रम ६०,००० पानांचा आहे, तर कागदावर खर्च ४० पैसे दिसतो. प्रत्यक्षात तो ७० पैसे पडेल. महिन्याला १०,००० पानांवर हा फरक ३,००० रुपयांचा, आणि वर्षभरात स्वस्त आणि महाग यंत्रांच्या किमतींमधले अंतर त्यात विरून जाते.

वकिलांनी लीगल कागदाचा विचार विसरू नये : तो ८.५ बाय १४ इंचांचा असतो आणि ए४ मापाच्या काचेवर मावत नाही. एडीएफने, म्हणजे सुटी पाने एकेक आत ओढणाऱ्या वरच्या भागाने, स्कॅन होत असले तरी काच लहान असेल, तर बांधलेल्या फाइलमधले लीगल पान काढता येणार नाही. आणि एडीएफच्या अरुंद काचपट्टीवर बसलेला धुळीचा एक कण प्रत्येक प्रतीवर उभी रेघ काढतो. इंजिनिअरला बोलावण्याआधी ती पट्टी पुसून पाहावी.

रिफर्बिश्ड यंत्र घेण्यात गैर काही नाही, फक्त मीटरचा आकडा, ड्रम व फ्यूजर केव्हा बदलले आणि सुटे भाग इंदुरात मिळतात का हे पाहावे. दुकानात प्रात्यक्षिक मागताना आपल्याच कार्यालयातला, पावसाळ्यात ट्रेमध्ये राहिलेला कागद न्यावा आणि पन्नास पाने दोन्ही बाजूंनी काढून दुसरी बाजू तपासावी, कारण पहिल्या फेरीत फ्यूजरने कागद सुकवलेला असतो आणि त्याचा विद्युतरोध बदललेला असतो. कच्चे यंत्र तिथेच उघडे पडते. डिजिटल कॉपियरमध्ये हार्ड डिस्क असेल, तर तिच्यात कागदपत्रांच्या प्रतिमा राहू शकतात. ती पुसण्याची सोय आहे का आणि जुने यंत्र परत देताना ती कोण पुसणार, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे.