युरियाची गोणी तीच, माती वेगळी

पिकाला गडद हिरवी काळोखी आली की उत्पन्न वाढणारच, हा समज फार खोल रुजलेला आहे. हिवाळी गव्हाला, म्हणजे थंड देशांत शरदात पेरतात त्या गव्हाला, नत्र (नायट्रोजन) लागतं, यात वाद नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ साली सुरू झालेला हिवाळी गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे. तिथल्या बिनखताच्या पट्ट्यात हेक्टरी जेमतेम एक टन गहू निघतो, तर खताच्या पट्ट्यांत त्याच्या कित्येक पट. एक टन दाण्यांत साधारण २० किलो नत्र असतं. मात्र जगभर तृणधान्यांना घातलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी दाण्यांत उतरतं. उरलेल्याचं काय होतं, ते बरंचसं मातीवर ठरतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. चिकणमातीचे कण म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचे अतिसूक्ष्म पापुद्रे. हे खनिज घडताना काही ठिकाणी चार धनभारांच्या सिलिकॉनच्या जागी तीन धनभारांचं ॲल्युमिनियम बसतं. एक धनभार कमी पडतो आणि पापुद्र्यावर कायमचा ऋणभार राहतो. काही फुगणाऱ्या चिकणमातींच्या एका ग्रॅममध्ये असा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरपर्यंत भरतो! युरियापासून आधी अमोनियम तयार होतं. ते धनभारित असल्याने या पापुद्र्यांना चिकटून राहतं. पुढे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. नायट्रेट ऋणभारित, मातीही ऋणभारित. मग धरून कोण ठेवणार? पाऊस पडला की ते पाण्याबरोबर खाली जातं. रेताड जमिनीत तर मुळांच्या आवाक्याबाहेर जायला वेळच लागत नाही.

हिवाळी गहू पेरतात शरदात, पण थंडीभर तो बुटकाच राहतो आणि फार कमी नत्र उचलतो. त्याची खरी भूक वसंतात, कांडी धरताना वाढते. म्हणूनच बरंचसं नत्र तेव्हा, टप्प्याटप्प्याने देतात.

मग भारी चिकण जमीन सर्वांत चांगली? तसंही नाही. तिथे पाणी साचलं की हवा संपते आणि जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात. नत्र वायू होऊन उडून जातं. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पटींच्या आसपास तापवतो. मध्यम पोयट्याची, चांगल्या निचऱ्याची आणि सेंद्रिय कर्ब भरपूर असलेली जमीन दोन्ही बाजूंनी वाचते. शिवाय तिच्यातले सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवून स्वतःही नत्र मोकळं करतात.

‘चार थेंबांत जमीन सुपीक’ अशा बाटल्यांच्या जाहिरातींवर माझा अजिबात विश्वास नाही. पापुद्र्यांवरचा भार थेंबांनी बदलत नाही, आणि सेंद्रिय कर्ब वाढायला वर्षं लागतात.

नत्र जास्त झालं तर काडी लांब आणि नाजूक होते, ओंबी भरताना पीक लोळतं आणि उत्पन्न घटतं. त्यामुळे युरोपात बरेच शेतकरी वसंताच्या सुरुवातीला ९० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती तपासून घेतात आणि तिच्यात आधीच असलेलं नायट्रेट व अमोनियम खताच्या मात्रेतून वजा करतात.