पथारीवरची अधोली

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. गेल्या बुधवारी तिथे एका पथारीवर पितळेचं एक माप दिसलं. मी विचारलं, "हा शेर केवढ्याला, काका?" काका मुळशीकडचे. त्यांनी ते माप उचलून माझ्या हातात दिलं. "शेर न्हाई ताई, अधोली हाय ही. दोन शेर मावत्यात हिच्यात." मग काठावरून माझंच बोट फिरवून दाखवलं. एका बाजूला काठ सुरीच्या पात्यासारखा पातळ झाला होता. "हितून हात फिरवायची, दाणं सपाट कराया. वरसानुवरसं एकाच बाजूनं."

ही अधोली कुणाच्या तरी घरातून निघून पथारीवर कशी आली, याचं उत्तर एका कायद्यात आहे. 1957 च्या 1 एप्रिलला दशमान नाणी आली आणि रुपयाचे 16 आणे, 64 पैसे जाऊन 100 नवे पैसे झाले. त्याच्या आदल्याच वर्षी वजनमापांचा कायदा झाला होता, 1958 पासून किलो आणि लिटर टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत गेले. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही दरवेळी दुपटीने वाढणारी साखळी बाजारातून उठली. ज्या मापावर घराची सुगी मोजली जायची, ते काही वर्षांत माळ्यावर गेलं आणि तिथून मोडीत. पाठोपाठ स्टील आलं. दर थोड्या दिवसांनी कल्हई करायचा त्रास वाचला आणि घराघरांतून पितळ मोडीत घालून स्टीलची पिंपं, डबे घेतले गेले. घंगाळं, तपेली, बंब बाहेर पडले ते तेव्हापासून. आपल्या आज्यांनी ते हौसेने केलं, त्यांना दोष कसा देणार? चिंच आणि राख लावून घासणारे हात त्यांचेच होते.

पुण्यात जुन्या वस्तू अशा लाटांनीच बाहेर आल्या, असं मला वाटतं. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि सरदार-दरकदारांच्या घरांचं उत्पन्न आटत गेलं. 1852 नंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने उरलीसुरली इनामं तपासायला घेतली. पहिली पाळी येते ती दागिन्यांवर, मग भांडी, मग हत्यारं. दुसरीकडे लष्कर भागात गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती होती. बदली झाली की सामान लिलावात निघायचं, आणि 1947 नंतर तर तो वर्गच निघून गेला. आज पथारीवर पितळी समईशेजारी चिनी मातीची विलायती बशी मांडलेली दिसते, ती या दोन वेगवेगळ्या पुण्यांची आठवण आहे.

पण सर्वांत मोठी लाट पाण्याची. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, मातीचे वाडे भिजून खचले. बिऱ्हाडं पर्वतीच्या पायथ्याकडे, गोखलेनगरकडे हलली. तिथल्या दोन खोल्यांत शिसवी पलंग कुठे मांडायचा? जे वाडे पुरातून वाचले त्यांना भाडेनियंत्रणाने गाठलं. 1947 च्या कायद्यानंतर भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, आणि पुढे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वाडा पाडणाऱ्याने काढलेले कोरीव खांब, तुळया, दारांच्या चौकटी, कड्या-कोयंडे हे सगळं कुठे ना कुठे विकायला आलंच.

या मालाची ने-आण करणारी माणसं इतिहासात कुठे दिसत नाहीत, ही मला मोठी उणीव वाटते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, गल्लीगल्लीतून फिरणारा भंगारवाला, गावोगाव जाऊन पडक्या घरातलं सामान उचलणारा फेरीवाला. त्यांच्याकडची जाण पुस्तकी नाही. ते काका तांब्याच्या हंड्यावर नख वाजवून आवाज ऐकतात. सांधा कसा जोडलाय ते उजेडाकडे धरून बघतात. ठोक्यांच्या खुणा ओळीत बसल्यात का, हे बोटांनी चाचपतात. असे ठोके मारून भांडं घडवण्याला कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम म्हणतात. हाताचा ठोका आणि यंत्राचा ठोका यांतला फरक त्यांनी मला दोन मिनिटांत शिकवला. जुना दिसावा म्हणून आम्लात काळवंडवलेला नवा माल कसा ओळखायचा, तेही: "झीज बगायची. रंग कुनीबी आनंल, झीज कशी आननार?"

दिनकर केळकरांनी अशाच वस्तूंचं मोल ओळखलं. अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणारा हा माणूस 1920 च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या मागे लागला आणि 1990 मध्ये जाईपर्यंत थांबला नाही. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी उभं केलेलं संग्रहालय शुक्रवार पेठेत आहे. तिथे तलवारी आहेतच, पण मला खिळवून ठेवतात ते अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, कुंकवाचे करंडे. मोडीच्या भावाने वितळून गेलं असतं असं किती तरी तिथे काचेमागे सुखरूप आहे.

घेणाऱ्याने कायदाही माहीत करून घ्यावा. 1972 च्या कायद्याप्रमाणे 100 वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, शिल्प यांसारखी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितांना 75 वर्षं पुरतात. हा कायदा 5 एप्रिल 1976 पासून लागू आहे. परवान्याशिवाय पुरावशेषांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. शेतात सापडलेलं धन दडवू नये, हे तर 1878 पासूनच कायद्यात आहे. देवळातली वाटावी अशी मूर्ती पथारीवर दिसली, तर मोह आवरून पुढे निघावं.

अधोली मी घेतली. भवानीच्या वेळेला फार घासाघीस केली नाही. कुठली, असं विचारल्यावर काकांनी गाव सांगितलं, घर सांगितलं, ते घर आता पडल्याचंही सांगितलं. त्याच घरचं मापटंही होतं म्हणाले, पण ते त्यांच्या भावाने उचललं आणि तो माल घेऊन थेट मोडवाल्याकडे जातो. "रईवारी या. वितळलं नसंल तर आनतो."