आनंदीबाई पेशवे आणि ‘ध’ चा ‘मा’

आनंदीबाई (मृत्यू १७९४) : रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा पेशव्यांच्या द्वितीय पत्नी, दुसऱ्या बाजीरावांच्या मातुःश्री. माहेर ओक घराण्यातले. नारायणराव पेशव्यांच्या खुनात त्यांचा हात होता की नाही, हा मराठी इतिहासातला जुना वाद आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, पगाराच्या थकबाकीचे निमित्त करून गारदी (वाड्यावरचे भाडोत्री पहारेकरी शिपाई) शनिवारवाड्यात घुसले आणि त्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावांना ठार केले. त्या वेळी नारायणरावांचे काका राघोबा वाड्यातच नजरकैदेत होते. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ व तुळाजी पवार ही कटातील प्रमुख नावे. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती मुख्य दोष राघोबांवर ठेवला.

लोकप्रिय कथा अशी, की राघोबांनी गारद्यांना लिहून दिलेल्या कागदावर ‘धरावे’ असे होते. आनंदीबाईंनी ‘ध’ खोडून ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले. कथेतला मूळ कागद मात्र उपलब्ध नाही. शिवाय हा बदल ऐकायला वाटतो तितका सोपा नाही. ‘ध’ ला काना नाही, ‘मा’ ला आहे. म्हणजे एक अक्षर बदलून भागत नाही, काना वाढवावा लागतो. त्या काळच्या मोडी लिपीत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली बोरूने सलग लिहीत जात, अक्षरे एकमेकांत गुंतवत आणि शब्दांत जागा सोडत नसत. तिथे जादा काना घुसवायचा तर पुढच्या ‘रा’ ला धक्का लागणार, खाडाखोड दिसणार. कागद नव्यानेच लिहिला असेल, तर मग अक्षर बदलण्याची कथाच उरत नाही.

मूळ हुकूम केवळ कैदेचा होता, असे धरले की राघोबांचा दोष हलका होतो आणि तो पत्नीच्या माथी जातो. त्यामुळे ही कथा पुरावा म्हणून न घेता उत्तरकालीन आख्यायिका मानणेच अधिक सयुक्तिक दिसते. आनंदीबाईंना कटाची कल्पना असणे मात्र असंभवनीय नाही. पतीचा पेशवाईवरील हक्क त्यांनाही मान्य होता. पण माहिती असणे आणि हुकूम फिरवणे यांत मोठे अंतर आहे.

पुढे बारभाईंच्या, म्हणजे राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, कारस्थानामुळे राघोबांना परागंदा व्हावे लागले. या धावपळीत आनंदीबाई धारच्या किल्ल्यात राहिल्या. तेथेच जानेवारी १७७५ मध्ये बाजीरावांचा जन्म झाला. राघोबांच्या मृत्यूनंतर (१७८३) आनंदीबाईंना कोपरगावी व अखेरीस नाशिकजवळ आनंदवल्लीस नजरकैदेत ठेवण्यात आले. बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले. ते पाहायला त्या हयात नव्हत्या.